चालवणारीचं बोट

आमच्या दुकानात बंदूक नंतर यायची, आधी माणसाचा हात यायचा. गिऱ्हाईक उंबऱ्यात दिसलं की अब्बा गादीवरून उठायचे, सलाम घ्यायचे आणि मुसाफ्यासाठी दोन्ही हात पुढं करायचे. मग तो हात लवकर सुटायचा नाही. पाऊस कसा आहे, ज्वारी किती झाली, पोरगी दिली का, म्हातारीचा गुडघा काय म्हणतो, असं सगळं विचारून व्हायचं, आणि तेवढ्या वेळात अब्बांचा अंगठा त्या माणसाच्या अंगठ्याशेजारच्या बोटावरून हळूच फिरत राहायचा. लोक म्हणायचे, उस्ताद लई मायाळू माणूस, हात सोडतच न्हाई. माया होतीच, पण त्याहून जास्त मोजमाप होतं. बोट जाड किती, कातडी राठ की मऊ, पेर कुठं वाकतं, घट्टे कुठं पडलेत, हे अब्बा त्या हातमिळवणीत बघून घ्यायचे आणि त्यावरून त्या माणसाच्या बंदुकीचा चाप किती जड ठेवायचा ते ठरवायचे. चाप म्हणजे बोटानं ओढायचा तो लोखंडी तुकडा. तो सुटला की मागचा घोडा पडतो आणि बार उडतो. नांगर धरणाऱ्याच्या बोटाला हलका चाप कळतच नाही. त्याला वाटतं आपण नुसतं बोट टेकलंय, आणि बार उडून गेलेला असतो. मास्तरच्या बोटाला मात्र साधा चापसुद्धा दगडासारखा वाटतो. म्हणून अब्बांच्या हाताखालून गेलेल्या कुठल्याही दोन बंदुका सारख्या नसायच्या, आणि ह्याचा त्यांना केवढा अभिमान होता म्हणून सांगू!

ही खोड माझ्यातही उतरली आहे. आता वय झालं, तरी कुणी हात हातात दिला की माझं लक्ष आधी बोटाकडं जातं. थोरल्या लेकासाठी पोरगी बघायला गेलो होतो तेव्हा मी तिचा हात धरून इतका वेळ बसले की पोरगी बिचारी घामाघूम झाली. तिच्या आईला वाटलं, बाई ज्योतिषी आहे की काय! मी आपली मनात म्हणत होते, बोट लांब आहे, पेर ताठ आहे, हिला मध्यम चाप चालेल. तीच पोरगी आज माझी सून आहे आणि ही गोष्ट ती पाहुण्यांना तिखटमीठ लावून सांगते.

दुकान म्हणजे नांदेडच्या इतवाऱ्यातल्या आमच्या घराची पुढची खोली. मागं स्वयंपाकघर, मधे कुडाची भिंत. पुढच्या खोलीत कानशीचा किर्र आवाज आणि तेलाचा वास, मागच्या खोलीत अंबाडीच्या भाजीचा चरचराट आणि लसणाचा वास. भिंत इतकी पातळ की ह्या खोलीतलं त्या खोलीत सगळं कळायचं. अब्बा रिकाम्या बंदुकीचा चाप ओढून बघायचे आणि अम्मी भाकरी थापता थापता आतून सांगायची, "अजून घासतोय." अम्मीनं जन्मात बंदूक हातात धरली नव्हती, पण तिचा कान असा होता की अब्बा तिला विचारल्याशिवाय काम उरकायचे नाहीत. आम्ही घरात दखनी बोलायचो. मी शिकले मराठी शाळेत आणि लिहिते मराठीत, म्हणून त्यांचं बोलणं इथं मराठीत उतरवते आहे. अम्मीच्या "नक्को" मधला झटका मात्र कागदावर यायचा नाही, त्याला माझा इलाज नाही.

चापाचं वजन मोजायची आमची रीत ज्वारीची होती. बंदूक रिकामी आहे ना हे तीनतीनदा बघायचं, ती शिकंज्यात उभी आवळायची, घोडा चढवायचा, चापाला एक कापडी पिशवी टांगायची आणि त्या पिशवीत मुठीमुठीनं ज्वारी सोडत जायची. एका क्षणी टक् करून घोडा पडायचा. तेवढी ज्वारी तागडीत घातली की झालं मोजमाप. आणि ती ज्वारी पुन्हा डब्यात जायची नाही. बंदुकीनं तोललेलं धान्य घरानं खायचं नाही, ते पाखरांना टाकायचं, हा आमच्या दादाजींपासूनचा दंडक. जड चापाची बंदूक आली की परसातल्या पारव्यांची चंगळ व्हायची, आणि अम्मी कुरकुरायची की ह्या घरात माणसांपेक्षा पारवे गुटगुटीत आहेत.

बंदुका यायच्या त्या लोहा, कंधार, देगलूर भागातल्या परवानेवाल्या शेतकऱ्यांच्या. शिकार तर कधीच बंद झाली होती, पण रानडुकरांना कायदा कुठं कळतो! भुईमूग भरला की एका खेपेत पट्टाच्या पट्टा उकरून टाकायची. मी मॅट्रिक होऊन घरी बसलेली होते आणि दुकानात माझा हात चालायचा. नळी साफ करणं, लाकडी दस्त्याला तेल पाजणं, बारीक स्क्रू काढून ओळीनं मांडणं, कमानी म्हणजे आतल्या स्प्रिंगा उजळणं, सगळं मी करायची. फक्त चापाला हात लावायचा नाही. कारण अब्बांचा नियम होता की ज्या हातानं गिऱ्हाइकाचं बोट धरलं त्याच हातानं चाप घासायचा दगड धरायचा. मी परक्या पुरुषाचा हात धरणार कशी? आणि बंदूक घेऊन बाई कुठून येणार? म्हणजे मला कुणी नाही म्हटलं नव्हतं, आणि वाट मात्र बंद होती. मी चिडायची, पायली आपटून ठेवायची. अब्बा हसून म्हणायचे, "बेटा, नियम मी तुझ्यासाठी नाही केला, बोटासाठी केलाय."

असंच एकदा औशाकडचे दत्ताराव नावाचे गृहस्थ आले. पांढरं धोतर, कडक टोपी, मिशीला पीळ, बोलणं मात्र गोड. गोधडीतून त्यांनी रायफल काढली आणि मी हातातली कामं सोडून पुढं आले. आमच्याकडं येणाऱ्या बंदुका बहुतेक दोन नळ्यांच्या, नाही तर ठासणीच्या. ही वेगळीच होती. चापाच्या मागं लोखंडी कडं असलेली एक लिव्हर. ती खाली ओढून वर लावली की रिकामं काडतूस बाहेर, नवं आत, आणि घोडा आपोआप चढलेला. निजामाच्या काळात त्यांच्या आजोबांनी शिकारीसाठी घेतलेली. लाकूड असं तांबूस की जणू कालच तेल लावलंय. दत्ताराव म्हणाले, "उस्ताद, चाप लई जड हाय. ओढता ओढता निशाण हालतंय." अब्बांनी त्यांचा हात धरला, ऊसपाण्याच्या गप्पा केल्या, बोट पाहिलं, आणि त्या बोटाला साजेल असा चाप करून दिला. दत्तारावांचं बोट म्हणजे जाडजूड केळं. ते जड म्हणत होते खरे, पण अब्बांचं म्हणणं, ह्या बोटाला हलका चाप कळणारच नाही, ह्याला थोडा वजनदारच हवा. ज्वारी तोलली, पारव्यांना टाकली, गृहस्थ खूश होऊन गेले.

पुढच्या महिन्यात तीच गोधडी, तीच रायफल, आणि ती काखेत धरून एक बाई दुकानात शिरली. सावळी, काटक, कपाळ मोकळं, डोक्यावरून पदर, पायात जाड वहाणा. औशाहून एसटीनं आली होती आणि धुळीनं पांढरी झाली होती. अब्बा उठले, सलाम केला आणि सवयीनं दोन्ही हात पुढं निघाले ते अर्ध्यातच थांबले. बाईनं रायफल टेबलावर ठेवली आणि उभ्यानंच विचारलं, "मागच्या खेपेला तुमी कुणाचा हात धरला व्हता?"

अब्बा म्हणाले, "दत्तारावांचा. त्यांनी आणली होती ना."

"आणणारा आणतोय. चालवणारी मी हाय." बाईनं पदर खोचला. "शेवंताबाई माझं नाव. दत्ताराव माझा दीर. रायफल माझ्या मालकाची, ते गेल्यापासून परवाना माझ्या नावावर. तुमचं नाव ऐकून मीच म्हणलं, उस्तादाकडं नेऊन आणा. आणि तुमी काय केलं? त्याच्या बोटाची करून दिली! आता मला तर पहिल्यापेक्षा बी न्हाई ओढवत."

अब्बांचा चेहरा असा पडला की मला त्यांच्याकडं बघवेना. चाळीस वर्षं हात धरून बोटं वाचणारा माणूस, आणि त्यानं चुकीच्या माणसाचा हात धरला. "तौबा तौबा," म्हणून त्यांनी कान पकडले, खरोखरच पकडले, बाईसमोर. "बहेन, मी विचारलंच नाही कोण चालवतं. बाई चालवत असेल हे डोक्यातच आलं नाही माझ्या."

"तुमच्याच न्हाई, कुणाच्याच येत न्हाई," बाई जरा निवळली आणि खाली बसली. मी पाणी दिलं. मग तिनं खरी अडचण सांगितली. परवान्याची मुदत संपत आली होती. लातूरला परवान्याचं काम पाहणारे एक साहेब होते. त्यांनी सरळ सांगितलं होतं की बाई, एवढी जड रायफल तुम्हाला झेपते का हे मला दिसलं पाहिजे. मैदानावर या, चालवून दाखवा. झेपली तर परवाना तुमच्याच नावावर राहील, नाही तर दिराच्या नावानं करून देऊ. साहेब वाकड्यात शिरणारे नव्हते, दीरही वाईट नव्हता. दीर म्हणायचा, वैनी, तुमाला कशाला तरास, मी हाय की. "पर त्यो ऱ्हातोय गावात," शेवंताबाई म्हणाली, "आन् मी ऱ्हाते शेतात. डुकरं माझ्या भुईमुगात येत्यात, त्याच्या वाड्यात न्हाईत येत. मला मालकानं स्वतः शिकवली ही चालवायला. ही गेली की मला शेत सोडून त्याच्या सोप्यात जाऊन बसायचं. मग मी कशाची मालकीण?"

अब्बांनी रायफल एकदा उलटून पाहिली. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "शमीम, हात धर त्यांचा."

मला आधी उमगलंच नाही. उमगलं तेव्हा पाण्याचा तांब्या मी तिथंच ठेवला. मी साडीला हात पुसले, शेवंताबाईच्या समोर बसले आणि दोन्ही हातांनी तिचा उजवा हात धरला. अब्बांनी तोंड फिरवलं आणि पाठमोरे उभे राहिले. हात खुरप्याचा, विहिरीच्या दोराचा, तळव्याला भेगा. मी अब्बांसारखं विचारायला लागले, भुईमूग किती, गडी किती, आणि अंगठा तिच्या बोटावरून फिरवत राहिले. आणि अंगठा थांबला. पुढचं पेर वाकतच नव्हतं. ताठ, काडीसारखं. आतून एक जुना वळ लागत होता.

मी हळूच विचारलं, "विळा लागलाय का?"

तिनं झटक्यानं माझ्याकडं पाहिलं. "अगं माय! तुला कसं कळलं? घरात कुणालाच ठाव न्हाई. लगीन व्हऊन आले तवापासून लपवलंय. पोरगी बोटानं अधू हाय म्हणून सासूनं बोलून दाखवलं असतं."

"मग चाप कशानं ओढता?"

"ह्या दोनीनी," तिनं ते बोट आणि मधलं बोट जोडून दाखवलं. तिथंच सगळं कळलं. दोन बोटं एकदम ओढली की मनगट फिरणार, मनगट फिरलं की नळी खाली जाणार. मी माझं बोट चापासारखं वाकवून तिच्यापुढं धरलं आणि म्हटलं, नुसत्या मधल्या बोटानं ओढा. तिनं ओढलं आणि मी कळवळले! ताकद होती, भरपूर होती. पण ओढून धरायला सांगितलं की ते बोट थरथरायला लागायचं.

हे सगळं मी अब्बांना सांगितलं. ते वळले, टेबलाजवळ गेले, चापाचा बारीक दगड काढला आणि माझ्या हातात दिला. आज माझ्या घरात भिंतीवर नातवंडांची प्रशस्तिपत्रं आहेत, मेडलं आहेत, मला सगळ्यांचं कौतुक आहे. पण मला कुणी विचारलं की तुला काय मिळालं, तर मी तो राखाडी दगड सांगेन.

काम होईपर्यंत शेवंताबाई आमच्याकडंच राहिली. अम्मीनं शेजारच्या कुलकर्णीबाईंकडून तिच्यासाठी वेगळी भांडी मागून आणली, तेव्हा शेवंताबाई चुलीपुढं फतकल मारून बसली आणि म्हणाली, "भाबी, भांडं कशाला उसनं आणलं? मला फक्त मटण नगं, बाकी तुमच्या हातचं समदं चालतं." मग तिनं स्वतःच्या गाठोड्यातले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी काढली. अम्मीनं सकाळी खिचडी आणि चिंचेचा खट्टा केला. ती चटणी खिचडीवर घालून खाल्ली त्या दिवसापासून आमच्या घरात खिचडी चटणीशिवाय होत नाही. दोघी दिवसभर बोलत बसायच्या, आणि मधेच पुढून टक् आवाज आला की दोघी एकदम गप्प व्हायच्या.

आणि मी? मी पहिल्याच फेरीला घोटाळा केला. मला त्या बाईची इतकी कणव आली होती की मी चाप जितका मऊ होईल तितका मऊ करत गेले. घोड्याची कमान घासून बारीक केली, आणखी बारीक केली. पिशवीत जेमतेम ओंजळभर ज्वारी पडली आणि टक्! मी जिंकल्यासारखं अब्बांकडं पाहिलं. पारव्यांची उपासमार होणार म्हणून मी हसतसुद्धा होते. अब्बांनी जमिनीवर गोणपाटाची घडी घातली, रिकामी रायफल घेतली, घोडा चढवला आणि दस्ता त्या गोणपाटावर धपकन आपटला. चापाला कुणी हात लावला नव्हता, तरी घोडा पडला.

शेवंताबाई दारात उभी होती. तिच्या तोंडाचं पाणी पळालं. मेंढरासारखं डोकं खाली घालून मी बसले.

"एसटीनं एक खड्डा घेतला की हिच्या शेजारच्या माणसाचा जीव गेला," अब्बा म्हणाले. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "तू माया केलीस बेटा. माया कर, पण चापात नको. तिचं बोट तुला काय म्हणालं ते आठव."

मी रडले, खोटं कशाला सांगू. अम्मीच्या पदरात तोंड घालून भरपूर रडले. अम्मी म्हणाली, "रडून झालं की ऐक. मी भिंतीपलीकडून ऐकतेय. आवाज हलका झालाय, पण खरखर तशीच आहे. आधी करकर होते, मग टक् होतं." आणि माझं रडं जागच्या जागी थांबलं. बोट काय म्हणालं होतं? ताकद आहे, पण धरून ठेवता येत नाही. म्हणजे शेवंताबाईला हलका चाप नकोच होता! तिला छोटा चाप हवा होता. ओढला की लगेच सुटणारा, मधे फरफट नसलेला. वजनाचा तिला त्रास नव्हता, वाट बघण्याचा त्रास होता. हे अब्बांनाही सुचलं नव्हतं. मी तसं तोंडावर म्हटलं आणि ते "हौ" म्हणाले, डोळे मिटून, जणू कुणी चांगला शेर ऐकवलाय.

मग मी ती बिघडवलेली कमान काढून टाकली आणि अब्बांनी माझ्याकडून नवी घडवून घेतली, पहिल्यासारखी ताकदीची. घोड्याची खाच आणि चापाचं टोक जिथं एकमेकांना धरून बसतात ती जागा भिंगाखाली पाहिली. वर्षानुवर्षांचं तेल वाळून डांबर झालेलं, आणि त्याखाली लोखंडाला सुईच्या टोकाएवढी कुसळं. ती कुसळं दगडानं उतरवत गेले, जागेचा कोन जराही न बिघडवता. एकदा घासायचं, पुसायचं, जोडायचं, आतून अम्मीचा आवाज यायचा, "अजून." पुन्हा खोलायचं. माझ्या बोटांची सालं निघाली. शेवंताबाई शेजारी येऊन बसायची आणि म्हणायची, "लेकी, जेवून तर घे, काय करायलीस कवाची!" शेवटी एकदा चाप ओढला आणि नुसतं टक् झालं, आधी काही नाही, मागं काही नाही. आत अम्मी बोलली नाही. मी वाट बघितली. मग ती ओले हात पुसत दारात आली आणि म्हणाली, "हा आवाज मी आजवर ऐकला नाही."

अब्बांनी गोणपाट अंथरलं, आपटलं, पुन्हा आपटलं, बाजूनं लाकडी हातोडीनं ठोकलं. घोडा हललासुद्धा नाही. ज्वारीची पिशवी टांगली तर दत्तारावांसाठी केलेल्या चापापेक्षा फार कमी वजन नव्हतं. पण शेवंताबाईनं रायफल खांद्याला लावली, मधलं बोट चापावर ठेवलं आणि ओढलं, तेव्हा नळीच्या टोकावर ठेवलेला चिंचोका खाली पडला नाही. तिनं पुन्हा ओढलं, पुन्हा ओढलं. मग रायफल मांडीवर घेऊन ती बराच वेळ लाकडावरून हात फिरवत बसली.

लातूरला आम्ही तिघं गेलो, शेवंताबाई, अब्बा आणि मी. लोहा, अहमदपूर करत एसटी चालली होती आणि प्रत्येक खड्ड्याला माझा जीव वर-खाली होत होता, रायफल रिकामी असून! कंडक्टरनं गोधडीकडं बोट करून विचारलं, "ह्यात काय, सामान?" शेवंताबाई म्हणाली, "माझा माणूस हाय." कंडक्टर बिचारा तिकिटं फाडून पुढं गेला.

मैदानावर दत्ताराव आधीच आले होते. कडक टोपी घालून साहेबांच्या शेजारी उभे होते. आम्हाला पाहून त्यांनी अब्बांना नमस्कार केला आणि म्हणाले, "उस्ताद, उगंच आलात. चाप तर तुमी मागंच झ्याक करून दिला व्हता." लांब मातीच्या ढिगाऱ्यावर मडकं ठेवलेलं होतं. साहेबांनी चष्मा पुसला, सगळ्यांना मागं उभं केलं आणि म्हणाले, "बाई, घाई नाही. नाही जमलं तरी वाईट वाटून घेऊ नका."

शेवंताबाईनं वहाणा काढल्या. अनवाणी पाय मातीत रोवून उभी राहिली. काडतुसं भरली, लिव्हर खाली ओढून वर लावली, तो खणखणीत आवाज मैदानभर गेला. रायफल खांद्याला लावली आणि मधलं बोट आत घातलं. साहेब लगेच म्हणाले, "अहो, बोट चुकतंय तुमचं."

ती मान न वळवता म्हणाली, "साहेब, बोट माझं मी बघते. तुमी मडकं बघा."

मी डोळे मिटले होते. मला मडकं बघायचंच नव्हतं. मला फक्त तो टक् ऐकायचा होता, आणि बाराच्या दणक्यात तो कुठला ऐकू यायला! पण अब्बांनी माझा खांदा इतका घट्ट दाबला की मी डोळे उघडले. ढिगाऱ्यावर मडक्याचं नुसतं बूड उरलं होतं. शेवंताबाईनं लिव्हर ओढली, रिकामं काडतूस उडून माझ्या पायाशी पडलं, आणि दुसऱ्या बाराला ते बूडही गेलं. नळी जागची हलली नव्हती. इतक्या वर्षांत मी पुष्कळ नेमबाज पाहिले, पण अशी शांत नळी मी पुन्हा पाहिली नाही, आणि हे मी माझ्या कामाची फुशारकी म्हणून सांगते आहे, दुसऱ्या कशासाठी नाही.

साहेब स्वतः ढिगाऱ्यापर्यंत चालत गेले, खापऱ्या पायानं चाळवून परत आले. "परवाना तुमच्याच नावावर राहील," असं त्यांनी शेवंताबाईला सांगितलं, चांगलं मोठ्यानं सांगितलं. मग रायफल हातात घेऊन, रिकामी करून, चाप ओढून पाहिला. त्यांच्या भुवया वर गेल्या. "उस्ताद, असा चाप मी पाहिला नाही. हात आहे तुमचा."

"माझा नाही साहेब," अब्बा म्हणाले. "लेकीचा. मी फक्त गोणपाट अंथरलं." आणि माझा म्हातारा, कधी कुणासमोर पाणी न काढणारा बाप, भर मैदानात उपरण्यानं डोळे पुसायला लागला. मला लाज वाटायला हवी होती. मला अजिबात वाटली नाही. माझी मान अशी ताठ झाली होती की घरी जाईपर्यंत दुखत होती.

दत्ताराव खाली मान घालून उभे होते. मग चांगल्या मनानंच पुढं झाले आणि हात पुढं करून म्हणाले, "द्या वैनी, मी घेतो. दमला असाल. गाडीपतूर मी आणतो."

शेवंताबाईनं त्यांच्याकडं पाहिलं. बारांच्या धक्क्यानं तिचा पदर डोक्यावरून खाली आला होता आणि केस सुटले होते. तिनं रायफल दत्तारावांच्या हातात दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी, नीट, जपून धरली. मग तिनं सावकाश केस बांधले, पदर झटकला, डोक्यावरून घेतला, कमरेला खोचला, वहाणा घातल्या. कसलीही घाई केली नाही. सगळं मनासारखं झाल्यावर तिनं हात पुढं केला.

"आणा," ती म्हणाली.

दत्तारावांनी दिली.